राखणीची वडी

त्या घरात फ्रीजच्या खालच्या दाराला कुणीही हात लावावा, वरच्या दाराला नाही. वरचा फ्रीजर म्हणजे सासूबाईंचा गाभाराच. आत काय, तर डाव्या अंगाला सालांची पिशवी, उजव्या अंगाला गोठवलेल्या वड्यांचा डबा, आणि पार मागे, बर्फाच्या भिंतीला चिकटून, झाकणाला रबरबँड लावलेली एक छोटी स्टीलची डबी.

पिशवीत घरातलं उरलंसुरलं जायचं. कांद्याची बुडं, गाजराची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, मशरूमची देठं, मटारच्या रिकाम्या शेंगा, दाणे काढून उरलेले मक्याचे दांडे. कोबी-फ्लॉवरला मात्र सक्त मज्जाव. "एक पान जरी चुकून गेलं ना, तरी घरभर वाटतं कुणीतरी मोजे उकळायला ठेवलेत," असं सासूबाई म्हणायच्या. पिशवी गच्च भरली की मोठं पातेलं बाहेर निघायचं. गार पाणी, चार मिरे, एक तमालपत्र, आणि आच इतकी मंद की पाण्यानं गालातल्या गालात हसावं, खदाखदा नाही. मीठ नाही, ढवळणं नाही. तासाभरानं फडक्यातून गाळायचं, पण फडकं पिळायचं नाही, पिळलं की सगळं गढूळ. मग ते सोनेरी पाणी पातेल्यासकट गार पाण्याच्या घमेल्यात निववायचं, छोट्या वाट्यांत ओतून गोठवायचं आणि वड्या सुट्या करून डब्यात भरायच्या. बाहेरचे लोक याला स्टॉक म्हणतात. या घरात म्हणायचे अर्क. भातात एक वडी, सूपमध्ये दोन, आणि जेवणारा ताटावरून उठायचं नाव घेत नसे.

आता एवढं कुणीही करील. या घराची गोष्ट पुढेच आहे.

दह्याला जसं विरजण लागतं तसं अर्कालाही लागतं, अशी त्या घराची पक्की समजूत होती. नव्या पातेल्यात जुन्या अर्काची एक वडी पडलीच पाहिजे, आणि नव्या अर्कातली पहिली वडी पुढच्या खेपेसाठी डबीत गेलीच पाहिजे. तिला म्हणायचे राखण. राखणीला एरवी हात लावायचा नाही. जग इकडचं तिकडे झालं तरी नाही. सासूबाईंना ती त्यांच्या सासूकडून मिळाली होती, त्यांना त्यांच्या सासूकडून. म्हणजे हिशेबानं आज सकाळच्या सूपमध्ये पणजेसासूबाईंच्या गाजराचा अंश होता. पणजेसासूबाईंकडे फ्रीजर कुठून आला, हे विचारायचं मात्र आजवर कुणाला सुचलं नव्हतं. श्रद्धा एकदा बसली की माणूस विजेच्या बिलाकडे बघत नाही.

थोरला मुलगा वेगळा राहायला गेला तेव्हा थोरल्या सुनेला राखण दिली ती बर्फ भरलेल्या थर्मासमधून, लेकीची पाठवणी करावी तशी. सासऱ्यांनी तर डोळेसुद्धा पुसले होते.

आणि धाकटी सून? लग्न होऊन येऊन दोन-तीन वर्षं झाली, तरी सासूबाई तिला अजून ‘पाहुणी’ म्हणायच्या. "पाहुणे, चमचे त्या खणात नसतात गं." "पाहुणीला वाढा आधी." प्रेमानंच म्हणायच्या, पण नावाला आतून एक बारीकसा काटा होताच. धाकटी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, काड्या वाकवून कानावर नीट बसवून द्यायची. तिथं तिच्या हाताला नाव होतं. घरी मात्र कांदा कापला तरी सासूबाई म्हणायच्या, "छान हो, पाहुणीनं मदतसुद्धा केली."

म्हणून सासूबाई आठवडाभर बहिणीकडे निघाल्या आणि जाताना त्यांनी तिला फ्रीजरसमोर उभं केलं, तेव्हा तिनं आधी ओले हात पुसून घेतले.

"हे बघ," सासूबाई म्हणाल्या, "पिशवी भरत आलीय. मी आले की पातेलं चढवू. या खेपेला राखण तुझ्या हातानं पडेल."

"माझ्या?"

"मग काय शेजारणीच्या? तुझ्या हातानं राखण पडली की तू या घरची. मग मी तुला पाहुणी म्हटलं तर माझा कान धर."

"आई, खरंच धरीन हं."

"धर गं. पण तोवर डोळ्यांत तेल घालून सांभाळ. वड्या सासऱ्यांना बेतानं दे. आणि राखणीला..."

"हात लावायचा नाही," धाकटीनं वाक्य पुरं केलं.

सासूबाई बॅग उचलून गेल्या. त्यांची पाठ वळली आणि सासऱ्यांनी चमचा उचलला.

सासऱ्यांनी आयुष्यभर बस चालवली होती. निवृत्त झाले तरी त्यांच्या बोलण्यात अजून स्टॉप यायचे. माणूस मनानं अगदी लोणी, पण सूपच्या बाबतीत ब्रेक निकामी. सकाळी एक वाटी, दुपारी एक वाटी, संध्याकाळी ‘जरा घसा ओला’ म्हणून आणखी एक. धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाहून भुकेला यायचा, तो भातात दोन वड्या एकदम टाकायचा. धाकटी नको म्हणायची, पण बापलेक असे काही हसायचे की तीच विरघळायची. सासूबाई परत यायला दोन दिवस राहिले तेव्हा डब्याचा तळ दिसला. राखण तेवढी सुरक्षित होती. धाकटी उठता-बसता डबी हलवून बघायची. आत टक् वाजलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

त्या दिवशी सकाळी सगळ्या इमारतीलाच काहीतरी चुकल्यासारखं झालं. वरच्या मजल्यावर गाण्याचे एक मास्तर राहायचे, एकटेच. रोज पहाटे ते देवाचं नाव गायचे, आणि गाता गाता मधेच थांबून एखादी गोष्ट सांगायचे. ऐकायला समोर कुणीही नसलं तरी सांगायचे. देव तर ऐकतोय ना, असं त्यांचं म्हणणं. खालच्या मजल्यांवरचे लोक दात घासत फुकटात ऐकायचे आणि त्या गोष्टींवर दिवसभर तरून जायचे. त्या सकाळी वर सगळं शांत.

"मास्तरांची पहिली गाडी सुटली नाही आज," सासरे छताकडे बघत म्हणाले.

धाकटी संध्याकाळी कामावरून आली ती थेट वर गेली. मास्तर पांघरुणात मुटकुळं करून पडले होते. अंग तापलेलं, घसा बसलेला. काल दुपारपासून पोटात काही नव्हतं. ब्रेडचा तुकडा तोंडात घातला होता, तो घशाखाली उतरेना म्हणून बशीत परत ठेवला होता. आवाज इतका बारीक की तिला कान जवळ न्यावा लागला.

"मुली," मास्तर कुजबुजले, "काही नाही गं. देवालाही एक दिवस विश्रांती हवी ना माझ्यापासून."

ती हसली, पण जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. घरात आली, फ्रीजर उघडला. पिशवी सालांनी भरलेली. पण ती उकळायची, गाळायची म्हणजे दीड तास गेला, आणि सासूबाई येईपर्यंत पातेलं चढवायचंच नव्हतं. वड्यांचा डबा रिकामा. मागे ती डबी.

ती डबीकडे बघत उभी राहिली. फ्रीजरमधून गार वाफ तिच्या तोंडावर येत होती. खरं सांगायचं तर फार विचार असा झालाच नाही. एखादं मूल पडलं की हात आपोआप पुढे जातो ना, तसा तिचा हात गेला. रबरबँड निघाला, वडी पातेलीत पडली, वर पाणी, चिमूटभर मीठ, गाजराचे चार बारीक तुकडे. पणजेसासूबाईंचा सगळा वारसा पाच मिनिटांत विरघळला.

मास्तरांनी सगळी वाटी घोट घोट करत संपवली. शेवटच्या घोटाला त्यांच्या घशातून एक बारीक सूर निघाला. सूर कसला, दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज. पण मास्तरांचे डोळे भरले.

"यात काय घातलं होतंस गं?"

"काही नाही मास्तर. घरचंच."

ती आनंदात खाली उतरली. दारातून आत पाऊल टाकलं आणि ओट्यावरची उघडी डबी तिला दिसली. सासरे डबीसमोर उभे होते, टर्मिनसवर गाडी उलटलेली बघावी तसे.

"सूनबाई," ते म्हणाले, "ही... ही शेवटची गाडी गेली?"

"बाबा, मास्तर आजारी आहेत हो. त्यांच्या घशाखाली काही उतरत नव्हतं."

"बरं केलंस. अगदी बरं केलंस." मग आवाज खाली आणून, "पण आता हिला काय सांगायचं?"

"काहीच नाही सांगायचं. तुम्ही गप्प बसायचं."

"मी? मी तर गप्पच," सासरे म्हणाले आणि घसा खाकरले. सासऱ्यांना खोटं बोलायची वेळ आली की ते घसा खाकरत, आणि तो खाकर चौकातल्या हॉर्नसारखा सगळ्या घराला ऐकू जाई. सासूबाईंच्या संसाराचा निम्मा कारभार त्या एका खाकरावर चालला होता.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं उपाय काढला. राखण गेली म्हणजे काय, वंश थोडाच बुडाला! थोरलीच्या घरी तोच अर्क, तोच वारसा. तिथली एक वडी आणून डबीत टाकली की झालं. नदीचं पाणी या घाटावर भरलं काय नि त्या घाटावर भरलं काय.

पण मागायचं कसं? थोरली औषधांचं दुकान चालवायची आणि घरही तसंच. मिठाच्या बरणीवर मीठ, साखरेच्या बरणीवर साखर, आणि नवऱ्याच्या टॉवेलवरसुद्धा शिवलेली पट्टी. तिच्या हातून आजवर दूध उतू गेलं नव्हतं. तिच्याकडे जाऊन ‘ताई, राखण संपली’ म्हणणं म्हणजे स्वतःच्या कपाळावर पाहुणी असं गोंदवून घेणं.

धाकटी दुकानातून थेट थोरलीच्या घरी गेली.

"ये गं धाकटे, आज कशी वाट चुकलीस?"

"सहज. अय्या ताई, तुमचा चष्मा केवढा तिरका झालाय!"

"तिरका? कुठे?"

"एक काच गालावर, एक कपाळावर. असं घालून हिंडता? डोकं नाही का दुखत?"

"दुखतं बाई कधीकधी," थोरली म्हणाली. असा प्रश्न विचारला की नाही म्हणणारं माणूस अजून जन्माला आलेलं नाही, हे धाकटीला धंद्यातून ठाऊक होतं.

"द्या इकडे. दोन मिनिटांत सरळ करते. काडी गरम करावी लागेल, मी ओट्यापाशी जाते. तुम्ही उठू नका."

चष्मा काढला की थोरलीचं जग म्हणजे धुकं. समोर हत्ती उभा केला तरी तिनं ‘या, बसा’ म्हटलं असतं. धाकटी चष्मा घेऊन स्वयंपाकघरात शिरली. एका हातानं नळ सोडला, आवाज झाकायला. दुसऱ्या हातानं फ्रीजर उघडला. आत एकसारखे चार डबे, चारींच्या झाकणांवर चिठ्ठ्या.

"धाकटे, फ्रीज का उघडलास गं?" बाहेरून आवाज.

"बर्फ! बर्फ लागतो, ताई. गरम काडी एकदम गार करावी लागते, नाहीतर वळण टिकत नाही."

"बघ बाई, किती शास्त्र असतं प्रत्येकात."

धाकटीनं वरचंच झाकण उघडलं. आत तपकिरी, चकचकीत वड्या, जरा गडदच. थोरली जास्त आटवत असेल, ती काय अर्धवट काम करते थोडीच! एक वडी उचलून तिनं सोबत आणलेल्या डबीत टाकली, डबी पर्समध्ये, झाकण जागेवर. दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घेणाऱ्या या बाईनं झाकणावरची चिठ्ठी मात्र वाचली नाही.

चष्मा तिनं तसाच परत नेऊन दिला. थोरलीनं तो लावला, मान इकडे तिकडे वळवली.

"खरंच गं! किती फरक पडला!"

धाकटी रस्ताभर पर्स छातीशी धरून चालली. घरी आल्यावर डबी आत सरकवली, रबरबँड लावला, हलवून बघितली. टक्. असा टक् तिला आयुष्यात कधी गोड वाटला नव्हता.

सासूबाई आल्या. आल्या आल्या पाय धुतले, पाणी प्यायल्या, कुणालाही काही विचारलं नाही. "चला पाहुणे," एवढंच म्हणाल्या, "पातेलं काढ."

सालं पडली, गार पाणी पडलं, मिरे पडले. मंद आचेवर पाणी गालातल्या गालात हसायला लागलं. सासरे दारात उभे, नवरा त्यांच्या मागे. एरवी स्वयंपाकघराकडे न फिरकणारा तोही आज बायकोचा मान बघायला आला होता. सासूबाईंनी स्वतः डबी काढून धाकटीच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरल्या.

"हं. देवाचं नाव घे आणि सोड."

धाकटीनं मनातल्या मनात देवाची क्षमाच मागितली आणि वडी सोडली. ती डुबकन बुडाली, पुन्हा वर आली, गोल गोल फिरत विरघळू लागली. पाण्यावर काळी रेघ पसरली. आणि मग वास आला.

सगळ्यांनाच आला.

सासऱ्यांनी नाक वर केलं. "कॉफी करतंय का कुणी?"

कॉफी! थोरली उरलेली कॉफी गोठवून ठेवायची, उन्हाळ्यात दुधात घालून प्यायला. काहीही वाया घालवायची नाही, याच घरचं वळण ते. हे सगळं धाकटीला आत्ता आठवलं, या क्षणी, पातेल्यातून कॉफीचा खमंग वास उठत असताना.

"शेजारी करत असतील," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"नाही गं, हा तर या पातेल्या..."

"तुम्ही खिडकी लावून घ्या बरं," सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या. "शेजारचा वास आपल्या अर्कात यायला नको."

सासऱ्यांनी धाकटीकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि असे काही घसा खाकरले की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. मग निमूटपणे खिडकी लावायला गेले.

"आणि तू रे? उभा काय राहिलास? बापाबरोबर बाहेर बस." नवराही गेला. सासूबाईंनी दार लोटलं, कडी घातली, चमच्यानं थोडं पाणी उचललं, फुंकर मारली आणि जिभेवर घेतलं. डोळे मिटले. धाकटीनं मान खाली घातली. आता पाहुणीपण जन्माचं झालं, तिनं मनाशी म्हटलं. पाहुणीसुद्धा बरी म्हणायची, पाहुणी निदान चोरी करत नाही.

मग तिला एक विचित्र आवाज ऐकू आला. तिनं वर बघितलं. सासूबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होत्या. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कॉफी!" त्या कशाबशा म्हणाल्या. "अगं, मी निदान गूळ तरी घातला होता!"

"आई?"

"बस इथं. बस आधी, पडशील." सासूबाई ओट्याला टेकल्या. "आले ना, तेव्हा जिन्यातच मास्तरांनी गाठलं मला. अर्धा तास आख्यान लावलं. तुमच्या सुनेनं काय वाटी आणली, काय तिची चव, अमृत ते काय वेगळं असतं! मी विचारलं, कधी हो? म्हणाले, परवा संध्याकाळी. आता, वड्या परवापर्यंत टिकल्या असतील, एवढा काही माझा नवऱ्यावर विश्वास नाही. म्हणजे काय गेलं ते मला जिन्यातच कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू डबीत काय भरून ठेवलंयस ते बघायचं होतं ना मला!" आणि त्या पुन्हा पदरात हसल्या.

धाकटीला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना. "पण आई, राखण तर गेली. एवढ्या पिढ्यांची."

"कसल्या पिढ्या? तुझ्या पणजेसासूच्या घरी वीज तरी होती का? अगं वेडे, पाण्याला कसलं आलंय विरजण? सालं उकळली की अर्क होतो. राखण पडली तरी होतो, नाही पडली तरी होतो. कॉफी पडली तर मात्र," त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं, "रात्रभर झोप येत नाही, एवढंच."

"मग ही सगळी..."

"माझ्या सासूची कारागिरी. घर भरलेलं, खाणारी तोंडं सगळी तुझ्या सासऱ्यासारखी. कितीही करा, डबा चाटूनपुसून रिकामा. आणि नेमकं त्याच दिवशी कुणीतरी आजारी पडायचं, कुणीतरी दारात यायचं, की घरात घोटभर काही नाही. ‘शेवटचं संपवू नका’ म्हणून कुणी ऐकतं? पण ‘हात लावाल तर वंशाचा अर्क बुडेल’ म्हटलं, की सगळे चळाचळा कापतात. मोठी मोठी माणसं नेमाला भीत नाहीत, पण डबीला भितात."

"म्हणजे राखण..."

"दारात येणाऱ्यासाठी. तुझ्या माझ्यासाठी नव्हेच ती." सासूबाईंचा आवाज आता मऊ झाला. "आणि हे कुणाला सांगायचं नसतं. जिनं शेवटची वडी स्वतःसाठी नाही, दुसऱ्यासाठी काढली, तिलाच सांगायचं. मी नवी होते तेव्हा गल्लीतल्या झाडूवालीला दिली होती. तिचं पोर तापानं फणफणलं होतं. नंतर घाबरून गुळाचं पाणी गोठवून ठेवलं. सासूनं पातेलं चाखलं, माझ्याकडे बघितलं, आणि अशीच दाराला कडी घातली होती."

बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, "आत काय चाललंय? पडली का राखण?"

"पडली!" दोघी एकदम ओरडल्या.

जरा वेळानं धाकटीच्या डोक्यात एक विचार आला. "आणि ताईंना माहीत आहे हे?"

सासूबाईंनी उसासा टाकला. "तिची राखण इतक्या वर्षांत एकदाही हलली नाही गं. मनानं वाईट नाही ती, पण नेम म्हणजे नेम. तिच्या दारात कुणी आलं तर ती गोळी देते."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. बघता बघता दोघींच्याही चेहऱ्यावर एकच खट्याळपणा उमटला, जुळ्या बहिणी असाव्यात तसा.

त्याच आठवड्यात सासऱ्यांची पहिली फेरी निघाली. थोरलीकडचा डबा संपत आलाय, याची दोघींनी गप्पांच्या ओघात खात्री करून घेतली होती. ‘जा, खोका, दोन दिवस जेवलो नाही म्हणा,’ एवढंच त्यांना शिकवलं. का, ते सांगितलं नाही. सासरे तासाभरानं परत आले ते हातात खोकल्याच्या औषधाची बाटली, दोन रंगांच्या गोळ्या आणि ‘तेलकट वर्ज्य’ असा सल्ला घेऊन.

"सूप नाही दिलं?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणाली, बाबा, डब्यात वडी नाही, फक्त राखण आहे. आणि मला पुरतं तपासलं. पोटात हवा धरलीय म्हणाली." सासरे हिरमुसले. "दोन दिवस जेवलो नाही म्हणालो, तर माझं पोट बघून हसली."

दुसरी फेरी मास्तरांची काढावी असं धाकटीच्या मनात होतं. पण मास्तरांचा घसा आता ठणठणीत झाला होता आणि खोटं खोकायला ते काही केल्या तयार होईनात. "मुली, देवानं गळा परत दिला तो काय खोकायला?" ते म्हणाले, आणि उलट दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी एका बाईची आणि एका वाटीची गोष्ट एवढ्या रंगवून सांगितली की धाकटीला ब्रश तोंडात धरून न्हाणीघरात लपावं लागलं.

शेवटी दोघींनी नाद सोडला. एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, दोघी मटार सोलत बसल्या असताना फोन वाजला. थोरली होती. आवाज इतका दबका की धाकटीला वाटलं, हिचाही घसा बसला.

"धाकटे, आई जवळ आहेत का?"

धाकटीनं सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी जोरजोरात मान हलवली आणि स्टूल सरकवून फोनला कान लावला.

"नाहीत, ताई. बोला."

"अगं, एक मोठी चूक झालीय माझ्या हातून. आमच्या दुकानासमोर ती म्हातारी बाई फुलं विकते ना, ती आज चक्कर येऊन पडली. गोळी द्यायला गेले तर म्हणाली, गोळी रिकाम्या पोटी नको गं बाई. आणि तिच्या पोटात काही टिकेना. तिला घरी घेऊन आले, तर घरात काही म्हणजे काही नव्हतं." थोरलीनं आवाज आणखी खाली आणला. "मी राखण काढली."

सासूबाईंनी हातातली मटारची शेंग चुरगाळली.

"बरं वाटलं का तिला?" धाकटीनं विचारलं.

"वाटलं गं. हसली. माझा हात धरून बसली कितीतरी वेळ. पण आता काय करू? तुझ्याकडची एक वडी देशील? आईंना कळता कामा नये. तुला काय हवं ते मागून घे. आणि हो, कॉफी हवी होती तर तोंडानं मागायची ना. त्या दिवशी माझी एक वडी चोरून कशाला नेलीस? मी काही नाही म्हणाले असते?"

धाकटीनं जीभ चावली. शेजारी सासूबाई पदर तोंडात कोंबत होत्या, पण पदर पुरत नव्हता.

"या ताई," धाकटी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाली. "वडी तयार ठेवते. आईंना अजिबात कळणार नाही."

तिनं फोन ठेवला. सासूबाई केव्हाच उठल्या होत्या. गॅसवर छोटं पातेलं चढलं होतं आणि कॉफीच्या डब्यातून त्या चांगले दोन चमचे पाण्यात घालत होत्या.

"तिची तिला परत करायला नको?" त्या म्हणाल्या. "लवकर गोठायला हवी. उद्या तिच्याकडे जाऊन तिच्या पातेल्याशी उभं राहायचंय आपल्याला. दाराला कडी आहे ना गं तिच्या?"

"आहे, आई. आतून."

"मग ती छोटी वाटी दे इकडे," सासूबाई म्हणाल्या, "आणि जरा ओटा आवर बघू. पाहुणी येतेय."